खाडीतला गाळ उपसण्यापूर्वीचे पर्यावरणीय मूल्यांकन: एका सल्लागार संस्थेच्या कामाचे परीक्षण

खाडीतला गाळ काढण्याचे काम सुरू करण्यापूर्वी त्याचे पाण्यावर, तळावर, काठांवर आणि जीवसृष्टीवर काय परिणाम होतील, याचे मूल्यांकन करून देणाऱ्या एका सल्लागार संस्थेची सेवा आमच्या समितीने घेतली. पहिल्या बैठकीपासून अंतिम अहवाल हाती पडेपर्यंत सव्वा वर्ष गेले. समितीच्या वतीने सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे होता आणि बहुतेक क्षेत्रभेटींना मी स्वतः होडीत हजर होतो, म्हणून हे परीक्षण लिहितो आहे. संस्थेचे नाव देत नाही, कारण तिच्या कामात जे उणे होते ते या व्यवसायात सर्रास आढळते, आणि जे चांगले होते ते कोणत्याही संस्थेकडून मागून घेता येण्यासारखे आहे.

गाळ काढावा ही मागणी मुळात आमचीच होती. खाडी इतकी उथळ झाली आहे की होड्यांना आत-बाहेर करण्यासाठी भरती पूर्ण होण्याची वाट पाहावी लागते, आणि ओहोटीच्या वेळी कोणी आजारी पडले तर पाण्याचा मार्ग बंदच असतो. पण ज्या चिखलात होड्या रुततात, त्याच चिखलात खेकड्यांची बिळे आहेत, शिंपले वाढतात आणि कोळंबीची पिल्ले तिवरांच्या मुळांशी आसरा घेतात. एक गरज भागवताना दुसरी बुडू नये, यासाठी आम्हाला विश्वासार्ह मूल्यांकन हवे होते. माझे मत आधीच सांगून टाकतो. संस्थेने दिलेला पहिला अहवाल मी कोणालाही दाखवणार नाही, आणि तिचाच अंतिम अहवाल मी कोणाच्याही हाती निःशंकपणे देईन. दोन्हींच्या मध्ये फरक होता तो नमुना कुठून, किती खोलीवरून आणि कोणत्या भरतीला घेतला, याचा.

सुरुवात आश्वासक होती. कामाची व्याप्ती ठरवण्यासाठी संस्थेचे पथकप्रमुख दोन दिवस आमच्याबरोबर होडीत फिरले, आणि नकाशा पुढे करण्याऐवजी त्यांनी आधी प्रश्न विचारले. पाणी कुठे वेगाने वाहते, वळणावर कोणता काठ खचतो, कोणत्या महिन्यांत बारीक मासळी आत शिरते, हे सगळे त्यांनी विचारले आणि लिहून घेतले. आमच्यातल्या एका वयोवृद्ध मच्छीमाराने त्यांना एक गोष्ट दाखवली, ती मला आजही डोळ्यांसमोर दिसते. त्यांनी होडीतला बांबू सरळ उभा धरून तळात खुपसला. पहिला हातभर तो स्वतःच्या भाराने आत गेला, नंतर अडला. त्यांनी तो पिळत आणखी खाली दाबला आणि वर काढला, तेव्हा टोकाला काळाकुट्ट, चिकट गोळा होता आणि कुजलेल्या अंड्यांसारखा वास होडीभर पसरला. ते म्हणाले, "साहेब, वरचा गाळ आणि खालचा गाळ एक नाही. हा खालचा वर आला की मासळी पळते." पथकप्रमुखांनी हे वाक्य वहीत जसेच्या तसे उतरवले.

पाच महिन्यांनी आलेल्या पहिल्या अहवालात त्या वाक्याचा मागमूस नव्हता. अहवाल तीनशेहून अधिक पानांचा होता. हवेची गुणवत्ता, आवाजाची पातळी, लोकसंख्या आणि रस्त्यांवरची वाहतूक यांवर स्वतंत्र प्रकरणे होती. ज्या तळाला ड्रेजरचा, म्हणजे गाळ उपसणाऱ्या यंत्राचा, दात लागणार होता, त्याला मात्र अकरा पाने मिळाली होती. एकूण बारा ठिकाणांहून गाळाचे नमुने घेतले होते आणि ते सर्व 'ग्रॅब' नावाच्या उपकरणाने, म्हणजे तळावर सोडल्यावर दोन जबडे मिटून वरचा थर उचलणाऱ्या डब्याने घेतलेले होते. असा डबा तळाच्या वरचा वीतभर थर तेवढा उचलतो. आमच्या खाडीत उपसा मात्र दोन मीटर खोलीपर्यंत करायचा होता.

हा दोष किरकोळ वाटण्याचा संभव आहे, म्हणून तो सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. वरचा वीतभर गाळ हा अलीकडचा असतो. प्रत्येक भरती-ओहोटीत तो थोडा उचलला जातो, थोडा परत बसतो, आणि त्यामुळे बऱ्यापैकी धुतलेला असतो. खालच्या थरांत अनेक दशकांपूर्वी खाडीत आलेले पदार्थ दडपलेले असतात. जहाजांच्या आणि होड्यांच्या तळाला शेवाळ व शिंपले चिकटू नयेत म्हणून पूर्वी ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचे विषारी संयुग असलेला रंग लावत असत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या कराराने अशा रंगांवर बंदी आणली आणि तो करार २००८ मध्ये अमलात आला. पाण्यात हे संयुग फार टिकत नाही, परंतु प्राणवायू नसलेल्या गाळात ते वर्षानुवर्षे राहते, आणि त्याच्या अत्यल्प प्रमाणानेही काही सागरी गोगलगायींच्या माद्यांमध्ये नराची इंद्रिये वाढून त्यांची वीण थांबते. जिथे पूर्वी होड्या खरवडून रंगवल्या जात, त्या जुन्या उतरणीच्या पायथ्याशी असे काही असेल तर ते वरच्या वीतभर थरात सापडेलच असे नाही. शिवाय उपसा झाल्यावर खाडीचा नवा तळ दोन मीटर खालचा असणार. पुढे ज्या पृष्ठभागावर जीव वस्ती करणार, त्या पृष्ठभागाचा एकही नमुना घेतलेला नव्हता आणि जो माल उपसला जाणार, त्याच्या बहुतांश भागाचाही नव्हता. ज्याची परीक्षा करायची तोच सोडून दुसऱ्याची परीक्षा केली गेली होती.

दुसरा दोष वेळेचा होता. पाण्याचे सर्व नमुने आणि प्रवाहाची सर्व मोजमापे भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान भरतीच्या, सलग तीन दिवसांत उरकलेली होती. भरती-ओहोटीचे एक आवर्तन सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते आणि उधाणापासून, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या भरतीपासून, भांगापर्यंत जाऊन पुन्हा उधाणापर्यंत येण्यास साधारण पावणेपंधरा दिवस लागतात. भांगाला पाणी कमी चढते, कमी उतरते आणि प्रवाह मंद असतो. उधाणाला तीच खाडी निराळी होते, तळ ढवळला जातो आणि एरवी कोरडे राहणारे चिखलपट्टेही पाण्याखाली जातात. तीन शांत दिवसांवरून काढलेला 'नैसर्गिक गढूळपणा' दोन्ही बाजूंनी दिशाभूल करतो. उधाणात आपोआप होणारा गढूळपणा पुढे ड्रेजरच्या माथी मारला जाण्याचा धोका असतो, आणि ड्रेजरने उडवलेला गाळ प्रत्यक्षात किती दूर जाईल याचा अंदाज फारच कमी निघतो. पावसाळ्यातले एकही मोजमाप नव्हते, याचा तर उल्लेखही अहवालात नव्हता.

आम्ही सात मुद्द्यांचे पत्र लिहिले. पहिले उत्तर निराशाजनक होते, 'प्रचलित पद्धतीनुसार काम केले आहे' एवढेच त्यात होते. मी ते पत्र घेऊन संस्थेच्या कार्यालयात गेलो आणि त्यांच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांसमोर बसलो. त्यांनी दोन्ही कागद शांतपणे वाचले, पथकप्रमुखांची वही मागवली आणि बांबूची नोंद स्वतः वाचली. त्यानंतर त्यांनी सातपैकी पाच मुद्दे मान्य केले, गाळाचे नमुने पुन्हा घेण्याचा खर्च संस्था सोसेल असे लेखी दिले, आणि उरलेल्या दोन मुद्द्यांवर आमचे म्हणणे का पटत नाही हेही लेखी दिले. चूक मान्य करण्याची ही तयारी माझ्या दृष्टीने या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे आणि ती मी जाणीवपूर्वक नोंदवतो.

दुसऱ्या फेरीत काम कसे असायला हवे, ते आम्हाला पाहायला मिळाले. या वेळी तळात लांब नळी उतरवून गाळाचा उभा नमुना काढला गेला. नियोजित खोलीच्याही अर्धा मीटर खालपर्यंत नळी गेली, जेणेकरून उघडा पडणारा नवा तळही तपासता यावा. काठावर ताडपत्री अंथरून त्यांनी पहिली नळी लांबीच्या दिशेने उभी चिरली आणि आम्ही सगळे भोवती जमलो. वरचा हातभर भाग तपकिरी आणि मऊ होता, त्यात किड्यांनी केलेली बारीक छिद्रे दिसत होती. त्याखाली रंग राखाडी झाला, मध्येच शिंपल्यांच्या चुऱ्याचा बोटभर जाड पांढरा पट्टा आला, आणि त्याच्याखाली तो काळा, घट्ट गाळ होता. उघड्यावर ठेवल्यानंतर काही वेळातच त्या काळ्या भागाचा पृष्ठभाग कडेने तपकिरी पडू लागला. हवेतला प्राणवायू त्यातल्या लोह-गंधकाच्या संयुगांवर काम करू लागला होता. ज्या बदलाविषयी अहवालात एक ओळही नव्हती, तो आमच्यासमोर ताडपत्रीवर घडत होता.

तिवरांच्या काठच्या गाळात पायराइट हे लोह आणि गंधकाचे संयुग साठते. पाण्याखाली, प्राणवायूविना ते निरुपद्रवी पडून राहते. गाळ उपसून जमिनीवर पसरला की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन गंधकाम्ल तयार होते, आणि पावसाबरोबर ते आम्ल तसेच त्याने गाळातून सोडवलेले ॲल्युमिनियम व इतर धातू वाहत पुन्हा खाडीत येतात. हे ओळखण्याची प्राथमिक चाचणी सोपी आहे. चिमूटभर गाळावर तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचे आणि आधीचा व नंतरचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल अधिक) मोजायचा. संस्थेच्या तरुण रसायनतज्ज्ञाने हातमोजे आणि चष्मा घालून आमच्यासमोर ती केली. वरचा तपकिरी गाळ नुसता फसफसला. खालचा काळा गाळ उकळल्यासारखा फेसाळून वर आला, त्याला वाफ सुटली आणि सामू तीनच्या खाली गेला. ही चाचणी फक्त इशारा देते, म्हणून त्यांनी त्याच थराचे तुकडे उथळ तबकात ओलसर ठेवून आठवडे-आठवडे त्यांचा सामू नोंदवला. गाळात शिंपल्यांचा चुरा पुरेसा असेल तर तो आम्ल आपोआप शमवतो. आमच्याकडच्या काही थरांत तो पुरेसा होता आणि काहींत नव्हता, आणि कोणत्या भागातला गाळ जमिनीवर टाकताना चुना मिसळणे आवश्यक आहे हे अंतिम अहवालात नकाशासह दाखवले आहे. हा नकाशा नसता तर आम्ही सगळा गाळ शेजारच्या सखल जमिनीवर पसरला असता.

धातूंच्या बाबतीतही दुसरी फेरी चोख होती. जड धातू प्रामुख्याने बारीक कणांना चिकटतात, त्यामुळे वाळू अधिक असलेल्या नमुन्यात त्यांचे प्रमाण आपोआप कमी दिसते आणि ते ठिकाण स्वच्छ असल्याचा भास होतो. संस्थेने ६३ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण वेगळे करून त्यांतले प्रमाणही दिले आणि मगच ठिकाणांची तुलना केली. गाळात किती आहे यापेक्षा ढवळल्यावर पाण्यात किती उतरते, हा प्रश्न वेगळा असतो. त्यासाठी एक भाग गाळ आणि चार भाग खाडीचे पाणी अर्धा तास ढवळून, तासभर निवळू देऊन वरचे पाणी तपासण्याची प्रमाणित चाचणी आहे, तीही केली. जुन्या उतरणीच्या पायथ्याशी कथिलाचे ते संयुग खरोखरच खालच्या थरात सापडले. तेवढा पट्टा उपशातून वगळावा, अशी शिफारस संस्थेने स्वतःहून केली.

गढूळपणाच्या अंदाजाचे प्रकरण मला अंतिम अहवालातही पूर्ण समाधानकारक वाटले नाही, तरी पहिल्यापेक्षा ते फार पुढे गेले आहे. पहिल्या वेळी संगणकीय प्रतिमानात गाळाच्या कणांचा एकच सरासरी आकार धरला होता. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला जेमतेम दोन मिनिटे घेतो, तर दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा सुटा कण दिवसभरात फूटभरही कसाबसा उतरतो. खाऱ्या पाण्यात बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि ते लवकर बसतात, हे खरे आहे. पण पुंजके किती मोठे होतील हे प्रवाहाच्या ढवळण्यावर ठरते आणि ते प्रत्यक्ष मोजावे लागते. सरासरी आकार धरला की वाळूही चुकते आणि चिकणमातीही. अंतिम अहवालात कणांचे चार गट धरले आहेत, उधाण आणि भांग दोन्ही चालवून पाहिले आहेत आणि गढूळपणाचा लोट ओहोटीबरोबर मुखाकडे जाऊन पुढच्या भरतीबरोबर कालवांच्या (खडकाला चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यांच्या) खडकापर्यंत परत कसा येतो हे तासातासाला दाखवले आहे. पुंजक्यांचा आकार मात्र अजूनही प्रकाशित कोष्टकांतून उचललेला आहे. आमच्या पत्रातल्या ज्या दोन मुद्द्यांना नकार मिळाला, त्यांतला हा एक, आणि तो नकार मला आजही मान्य नाही.

मर्यादा किती ठेवायची, यावर चांगली चर्चा झाली. डेन्मार्क आणि स्वीडन यांना जोडणारा ऑरेसुंडचा पूल-बोगदा २००० मध्ये खुला झाला. त्याच्या बांधकामात उपसलेल्या मालापैकी सरासरी ५ टक्क्यांहून अधिक माल पाण्यात सांडता कामा नये, अशी अट होती आणि काम चालू असतानाच सांडलेल्या गाळाचे मोजमाप होत होते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात नैसर्गिक पातळीपेक्षा २९ एनटीयूहून (एनटीयू हे गढूळपणाचे एकक) अधिक वाढ होऊ न देण्याचा नियम आहे. पहिल्या अहवालाने असाच एक आकडा बाहेरून उचलून आमच्या खाडीला लावला होता. ज्या खाडीचे पाणी उधाणाला एरवीच चहासारखे दिसते, तिथे स्वच्छ पाण्यासाठी ठरलेला आकडा लावणे व्यर्थ आहे. अंतिम अहवालात दोन उधाणे आणि दोन भांगे सलग मोजून, खाडीच्या स्वतःच्या नोंदींवरून पातळ्या ठरवल्या आहेत. एका पातळीला सावध व्हायचे आणि दुसऱ्या पातळीला ड्रेजर थांबवायचा. एनटीयू हे प्रकाश किती विखुरला जातो याचे माप आहे, गाळाचे वजन नव्हे. दोहोंचे नाते प्रत्येक ठिकाणच्या गाळानुसार बदलते, म्हणून आमच्याच गाळावर उपकरण बेतून घेतले गेले. पहिल्या अहवालाने सर्व दुखण्यांवर एकच औषध म्हणून सुचवलेला गाळरोधक पडदाही मुखाजवळच्या भागातून काढून टाकला, कारण प्रवाह साधारण एक नॉटच्या (ताशी सुमारे १.८५ किलोमीटरच्या) पुढे गेला की असा पडदा आडवा होतो आणि गाळ त्याच्याखालून निसटतो.

आता सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे येतो. गाळ मुळात का साचतो आणि काढल्यावर तो पुन्हा किती वेगाने येईल? पहिल्या अहवालात हा प्रश्नच नव्हता. आमच्या पत्रात आम्ही जर्मनी आणि नेदरलँड्सच्या सीमेवरील एम्स नदीमुखाचे उदाहरण दिले होते. वरच्या बाजूला बांधलेली मोठी जहाजे समुद्रापर्यंत नेता यावीत म्हणून तिथला प्रवाहमार्ग १९८० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा खोल करण्यात आला. तळ खोल आणि गुळगुळीत झाला की भरतीला अडथळा कमी होतो, ती अधिक जोराने आत शिरते आणि अधिक उंच चढते. भरतीचा ओघ थोडा वेळ पण वेगवान आणि ओहोटीचा ओघ दीर्घ पण मंद असा बदल झाला, तर आत आलेला बारीक गाळ ओहोटीला पूर्णपणे बाहेर नेता येत नाही आणि प्रत्येक आवर्तनात थोडा-थोडा आतच राहतो. एम्समध्ये आज मैलोन्मैल पातळ चिखलाचा थर तळाशी असतो आणि उन्हाळ्यात त्या पाण्यातला प्राणवायू मासळीला जगता येणार नाही इतका घटतो. गाळ काढण्यासाठी केलेले खोलीकरणच गाळ ओढून आणते, हे ज्यांना असंभव वाटते त्यांनी हे उदाहरण अवश्य लक्षात ठेवावे.

संस्थेच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी हा मुद्दा मनापासून हाती घेतला. त्यांनी तीन वेगवेगळ्या खोल्या आणि 'काहीच न करणे' हा चौथा पर्याय एकाच प्रतिमानावर तपासला. दोन मीटरच्या पर्यायात भरतीचा जोर वाढून आतल्या भागात गाळ झपाट्याने परत बसतो, खारे पाणी आणखी वर चढते आणि वळणावरच्या काठाचा पायथा सुटून तिवरांसह काठ खचण्याचा धोका निर्माण होतो, असे दिसले. त्याउलट खाडीच्या नैसर्गिक वळणाला धरून अरुंद आणि एक मीटरहून थोडा अधिक खोल मार्ग ठेवला, आणि जुन्या बांधाखालच्या बुजलेल्या मोऱ्या मोकळ्या केल्या, तर होड्यांची गरजही भागते आणि ओहोटीचा ओघही सुधारतो. मोऱ्या बुजल्यामुळे ओहोटीचे पाणी अडते आणि गाळ त्याच पट्ट्यात बसतो, हे आमच्यापैकी अनेकांना माहीत होते, पण ते आकड्यांत मांडलेले आम्ही पहिल्यांदा पाहिले. मूल्यांकनाचे काम प्रकल्पाला होकार किंवा नकार देण्यापुरते असते, असा माझा समज होता. प्रकल्प बदलून देण्याचेही ते काम आहे, हे मला या प्रकरणाने शिकवले.

जीवसृष्टीच्या अभ्यासाबद्दल माझ्या मनात आदर आणि तक्रार दोन्ही आहेत. तळाचे जीव मोजण्यासाठी गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुतला जातो आणि उरलेले किडे, शिंपले, खेकड्यांची पिल्ले एकेक करून वेगळी केली जातात. हे कष्टाचे काम संस्थेच्या दोन तरुण मुलींनी काठावर बसून, कंबरदुखीची पर्वा न करता केले आणि आमच्या मुलांना भिंगातून दाखवलेही. ज्या ठिकाणी उपसा होणार नाही असा शेजारचा फाटा तुलनेसाठी निवडला, तिथेही त्याच दिवशी तसेच नमुने घेतले. कामाच्या आधी आणि नंतर, बाधित जागी आणि अबाधित जागी अशी चारही मोजमापे असल्याशिवाय, पुढे दिसणारा बदल ड्रेजरमुळे झाला की ऋतूमुळे, हे कोणालाही सांगता येत नाही. तक्रार ही, की पावसाळ्यानंतर पिल्ले आत येण्याच्या काळातले नमुने एकाच वर्षाचे आहेत. एका वर्षाच्या आकड्यांवरून 'या महिन्यांत उपसा बंद ठेवावा' ही शिफारस केली आहे. शिफारस योग्य आहे, तिचा आधार तोकडा आहे. मच्छीमारांच्या आठवणीतून आलेली माहिती त्या आधाराला जोडली असती तर तो भक्कम झाला असता, पण ती अहवालाच्या शेवटी परिशिष्टात टाकून दिली आहे.

उपसलेल्या मालाच्या विल्हेवाटीचे प्रकरण व्यवस्थित आहे. समुद्रात कचरा टाकण्याविषयीच्या १९९६ च्या लंडन प्रोटोकॉलप्रमाणे समुद्रात टाकण्याचा विचार करता येणाऱ्या मोजक्या पदार्थांत उपसलेला गाळ येतो, पण त्याआधी तो अन्यत्र उपयोगात आणता येतो का, हे पाहणे अपेक्षित आहे. संस्थेने स्वच्छ वाळूचा भाग खचलेल्या काठाच्या भरावासाठी आणि बारीक, आम्ल न होणारा गाळ तिवरांच्या पुनर्लागवडीच्या पट्ट्यासाठी सुचवला आहे. पंपाने ओढलेल्या गाळात पाण्याचाच वाटा फार मोठा असतो, आणि साठवण तलावाच्या सांडव्यावरून परत जाणारे ते पाणी तपासल्याशिवाय खाडीत सोडू नये, ही अट पहिल्या अहवालात नव्हती, आता आहे.

अहवालाच्या भाषेबद्दल आम्ही आग्रह धरला होता, आणि तो संस्थेने पाळला. सारांश बत्तीस पानांचा आहे, मराठीत आहे आणि भाषांतरित वाटत नाही. जिथे शब्द कठीण आहे तिथे तो पहिल्या वेळी समजावून सांगितला आहे. सर्व मूळ आकडे, तारीख, वेळ आणि भरतीच्या स्थितीसह आम्हाला स्वतंत्रपणे मिळाले. हे मिळणे फार आवश्यक आहे. पहिल्या अहवालातले नमुने भांगाला घेतले होते, हे आम्हाला कळले ते नमुन्यांच्या तारखा भरतीच्या कोष्टकाशी ताडून पाहिल्यामुळे. त्या तारखा परिशिष्टात नसत्या तर आम्ही तो अहवाल मान्य केला असता. वेळेच्या बाबतीत संस्था कमी पडली, ठरलेल्या मुदतीपेक्षा पाच महिने उशीर झाला. दुसऱ्या फेरीचा विचार करता तो उशीर मी माफ करतो, पण दुसरी फेरी लागलीच का, हा प्रश्न शिल्लक राहतो.

अशी सेवा घेणाऱ्यांना माझी विनंती आहे की करारातच चार गोष्टी लिहून घ्याव्यात. नियोजित खोलीच्या खालपर्यंतचा उभा नमुना, उधाण आणि भांग दोन्हींची मोजमापे, तुलनेसाठी अबाधित जागा, आणि मूळ आकडे देण्याची अट. आम्ही यांतली एकही लिहिली नव्हती आणि त्यात आमचीही चूक होती. काम चालू असताना योजना बदलण्याची मुभाही ठेवावी. अमेरिकेतल्या हडसन नदीत पीसीबी या विषारी रसायनांनी दूषित झालेला गाळ काढताना २००९ मधील पहिल्या टप्प्यानंतर काम थांबवून त्याचे स्वतंत्र तज्ज्ञांकडून परीक्षण करून घेण्यात आले, आणि सुधारलेल्या पद्धतीने २०११ मध्ये दुसरा टप्पा सुरू झाला. आमच्या अहवालात पहिल्या तीनशे मीटरनंतर काम थांबवून मोजमापे पाहण्याची तरतूद आहे. ती ठेवावी हा आग्रह संस्थेचा होता, आमचा नव्हता.

उपसा अजून सुरू झालेला नाही. खाडीत तीन ठिकाणी गढूळपणा मोजणारी उपकरणे बसवली आहेत आणि दर पंधरा मिनिटांनी नोंद होते आहे. तुलनेच्या फाट्यावरच्या उपकरणाच्या काचेवर शेवाळ आणि बारीक शिंपले इतक्या लवकर चढतात की दर आठवड्याला ती हाताने पुसावी लागते, नाहीतर स्वच्छ पाणीही गढूळ असल्याची नोंद होते. हे काम संस्थेने आमच्यातल्या दोघांना होडीत बसून शिकवले, आणि पुसण्याच्या आधीचा व नंतरचा आकडा कसा लिहायचा त्याची वहीही आखून दिली. त्या वहीची आजवर नऊ पाने भरली आहेत.